गणूचा उत्तम, गेणूचा उत्तम

इस्माईल मिस्त्रींनी दगडावरचं पोतं बाजूला केलं आणि मला म्हणाले, "वाचा बघू वहिनी, अक्षर कसं उतरलंय."

माझ्या डोक्यावर गवताचा भारा होता. एका हातानं तो सावरत मी वर बघितलं. चावडीपुढच्या नव्या ओट्यावर काळ्या दगडाची शिळा उभी होती आणि तिच्यावर गावातल्या शहीद जवानांची नावं कोरलेली होती. मी एकेक नाव वाचत खाली आले आणि शेवटच्या नावाला थांबले.

उत्तम गणू निकम.

"मिस्त्री, हे आमच्या मालकांचं नाव हाय," मी म्हणाले.

मिस्त्रींनी हातातली छिन्नी खाली ठेवून मला नमस्कार केला. "म्हणजे तुम्ही वीरपत्नी. मला ठाऊक नव्हतं."

"अवो, त्ये घरी म्हशीचं शेण काढत्यात," मी म्हणाले.

मिस्त्री कऱ्हाडचे. त्यांना आमच्या गावाचा घोळ कुठून माहीत असणार? आमच्या गावात निम्म्याच्या वर घरं निकमांची. त्यात एकाच भावकीत, एकाच वर्षी जन्मलेले दोन उत्तम. एकाच्या वडलांचं नाव गणू, दुसऱ्याच्या वडलांचं गेणू. दोघं एकाच शाळेत शिकले, कोल्हापूरला एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले. गाव त्यांना गणूचा उत्तम आणि गेणूचा उत्तम म्हणून ओळखायचं. गणूचा उत्तम म्हणजे माझा नवरा. गेणूचा उत्तम श्रीलंकेत गेला. गेला म्हणजे दोघंही गेले होते, शांतिसेनेत. माझा परत आला.

परत आला, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत होते.

त्यांच्या कमरेत सुरुंगाचे बारीक तुकडे राहिले होते. मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं तेव्हा ते तिशीचेही नव्हते. थंडीत कंबर धरायची, डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. पण त्याचं मला काही वाटायचं नाही. मला वाटायचं ते त्यांच्या चालण्याचं. रानात जाताना ते कायम बैलगाडीच्या चाकोरीतून चालायचे. बांधावर गवत वाढलं असलं, की पाऊल टाकायच्या आधी काठीनं जमीन दाबून बघायचे. मी सरळ पुढं गेले तर अंगावर ओरडायचे, आणि ओरडून झालं की दिवसभर तोंड उघडायचे नाहीत. पेन्शनरांच्या मेळाव्याला कधी गेले नाहीत. मेडलं पत्र्याच्या पेटीत. पहिल्या पहिल्यांदा लोक विचारायचे, "श्रीलंकेत कुठं लढाई झाली? आमी तर ऐकली न्हाई." हे म्हणायचे, "न्हाई झाली." आणि उठून जायचे.

कारगिलच्या लढाईनंतर आसपासच्या गावांत स्मारकं उभी राहायला लागली. आमच्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धाला गावातले इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, एवढंच तिच्यावर लिहिलंय. नाव एकाचंही नाही. आमचे सुभेदार आबा, एकाहत्तरच्या लढाईत होते ते, म्हणाले, "आमच्या पणज्यांचे आकडे राहिले. आता निदान नावं राहू द्या." म्हातारपणी घरोघर फिरून त्यांनी हे काम उभं केलं होतं. आणि नेमकं त्याच दगडावर जित्या माणसाचं नाव आलं होतं.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील, नाही तर हसतील तरी. ते नुसते म्हणाले, "बघून येतो." आणि काठी घेऊन निघाले. मी भारा तसाच टाकून मागोमाग गेले.

तोवर सुभेदार आबा चावडीवर आले होते आणि मिस्त्रींना बोलत होते. बोलून बोलून थकल्यावर स्वतःलाच बोलायला लागले. "चूक माझी हाय. म्या तोंडी सांगितलं, पोरानं लिहून घेतलं, म्या बघितलंच न्हाई. चार दिवसांवर कार्यक्रम आला. साहेब येणार, पलटणीचा बँड येणार." ह्यांना बघून आबा ओट्यावरून खाली उतरले. "उत्तम, लेका, माफ कर मला. दगड बदलून घेतो. तारीख पुढं ढकलावी लागली तरी चालंल."

हे दगडापुढं उभे राहिले. नावाकडं बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "राहू द्या आबा. बरोबर कोरलंय."

"काय बरोबर?"

"माझं नाव राहू द्या. गेणूच्या उत्तमचं त्याच्याखाली कोरा. जागा हाय खाली."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मिस्त्री छिन्नी पुसत बसले. हे वळले आणि आल्या वाटेनं घराकडं गेले.

दुपारी मी त्यांना गोठ्यात गाठलं. म्हशी रवंथ करत होत्या. हे दावणीला टेकून बसले होते.

"मला सांगा, असं का म्हणालासा?" मी म्हणाले.

"तुला न्हाई कळायचं."

"न कळायला मी काय इंग्रजी विचारतीया का?"

मला वाटलं, आता काठी घेऊन उठतील. पण मग खाली बघतच बोलायला लागले. त्या दिवशी गस्तीला सगळ्यांच्या पुढं चालायची पाळी ह्यांची होती. आदल्या रात्रीपासून ताप होता. सकाळी बूट बांधायला वाकले तर डोळ्यांपुढं अंधारी आली. गेणूच्या उत्तमनं बघितलं. म्हणाला, "तू मागनं ये. आज पुढं मी चालतो. तुझी एक पाळी माझ्या नावावर." नारळीच्या बागेतून पायवाट होती. पहिलं वळण घेतलं आणि जमीन फुटली.

"पाळी माझी हुती," हे म्हणाले. "त्या वळणावर जो मेला तो मीच. दगडावरचं नाव चुकलेलं न्हाई."

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कळत होतं. वाईट वाटायला पाहिजे होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी माझ्या डोक्यात राग गेला. आजही त्याची मला लाज वाटत नाही.

"तुमी तिथं मेलासा," मी म्हणाले, "मग हितं कोण आलं? म्या कुणासंगं संसार केला? साताऱ्याला वसतिगृहात शिकतंय ते पोरगं कुणाचं?"

त्यांनी वर बघितलं.

घरात दळण शिल्लक होतं. तरी मी पाटीत ज्वारी घेतली आणि सिंधूअक्काच्या गिरणीवर गेले.

सिंधूअक्का ही गेणूच्या उत्तमची बायको. नवरा गेला तेव्हा तिची रोहिणी रांगत होती. सासू-सासऱ्यांना तिनंच सांभाळलं, तिनंच पोचवलं, आणि वेशीजवळ पिठाची गिरणी टाकून लेकीला शिकवत होती. बाया तिला जरा वचकून असायच्या, कारण ती कमी बोलायची आणि बोलली की तोडून बोलायची. मी दळण घेऊन नेहमी जायची. हे मात्र कधी त्या रस्त्याला गेले नाहीत. एस.टी. पकडायची असली तरी वरच्या आळीतून ओढ्याकडनं लांबचा वळसा घालून जायचे. अक्का समोर दिसली तर मान खाली घालायचे. मला वाटायचं, मित्राची विधवा समोर आली की माणसाला वाईट वाटत असेल.

गिरणी चालू होती. पट्ट्याच्या आवाजात एकमेकींचं ऐकू येत नव्हतं. अक्काच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. मी ओरडून म्हणाले, "अक्का, जरा बंद करा. बोलायचंय."

तिनं खटका पाडला. पट्टा फिरत फिरत थांबला. दगडावरच्या नावाचं तिच्या कानावर आलेलं होतं. गावात अशी बातमी किती वेळ लपणार?

"चूक दुरुस्त करत्याल की आबा," ती म्हणाली. "त्यात काय एवढं."

"दुरुस्त करू नका म्हणत्यात आमचे हे," मी म्हणाले. आणि मग गोठ्यातलं सगळं सांगून टाकलं. ताप, पाळी, नारळीची बाग. नवऱ्यानं मनात जपलेली गोष्ट मी जिला सांगायला नको नेमकी तिलाच सांगत होते. तिनं तोंडावर शिव्या दिल्या असत्या तरी मला बोलायला जागा नव्हती.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"पाळीचं. अस्थी घेऊन साहेब आल्ते न्हाई का, त्यांनी तवाच सांगितलं. तुमचा नवरा दुसऱ्या उत्तमच्या पाळीला पुढं झाला म्हणाले."

"आणि तुमी कधी काही बोलला न्हाईसा?"

"कुणाला बोलू? ज्याच्याशी बोलायचं त्यो माणूस वड्याकडनं वळसा घालून जातोय." तिनं आत हाक मारली. "रोहिणी, गिरणीकडं बघ. मी ह्या शालनकाकीच्या घरी जाऊन येते."

रस्त्यानं तिच्या पायांचा वेग असा होता, की मला मागं राहायला होत होतं. आम्ही पोचलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. हे गुडघ्यांत चरवी धरून म्हशीखाली बसले होते. ती म्हैस भारी लहरी. मधेच धार सोडली तर लाथ मारायची. त्यामुळं सिंधूअक्का गोठ्याच्या दारात उभी राहिलेली दिसली तरी ह्यांना उठता येईना. ते तसेच बसून धार काढत राहिले. नुसता दुधाचा आवाज येत होता.

"भावजी, दगडावर दोन नावं घालायची न्हाईत," अक्का म्हणाली. "एकच माणूस गेलाय."

"वहिनी, तुमाला म्हाईत न्हाई त्या दिवशी..."

"सगळं म्हाईत हाय. आज न्हाई, पयल्यापास्नं हाय."

चरवीतला आवाज थांबला. म्हशीनं पाय उचलला. ह्यांनी लगेच पुन्हा सड धरला.

"पाळी तुमची हुती, पण चालायला त्येच गेले," अक्का म्हणाली. "कुणी ढकललं न्हाई. मनानं गेले. सुट्टीवर आले आन् पेरणीत शेजाऱ्याचा बैल बसला, तर आपलं औत सोडून त्याला बैल द्यायचे. मी भांडायची त्यांच्याशी त्यापायी. त्यांचा सभावच तसा. आणि तुमी म्हणतासा त्यो मेलेला मी हाय. म्हंजे त्यांनी केलं त्ये बी तुमी त्यांच्या हातनं काढून घेतलं."

हे खाली मान घालून बसलेले.

"मराण कसं आलं त्ये मला साहेबांनी सांगितलं," ती म्हणाली. आता तिचा आवाज जरा उतरला होता. "पण त्याच्या आधी तिथं त्ये कसे जगले, काय खाल्लं, कुणाशी भांडले, घरची आठवण काढली का न्हाई, ह्ये कोण सांगणार? अख्ख्या गावात तुमीच एकटे तिथं हुतासा. माझ्या पोरीला बापाचा हार घातलेला फोटो तेवढा म्हाईत हाय. ती विचारती, आई, बाबा हसायचे का गं? मी काय सांगू? लग्नानंतर दोन सुट्ट्यांचा माझा संसार. आणि ज्याच्यापाशी सगळं हाय, त्यो माणूस इतकी वर्सं त्यांच्या जागी मरून बसलाय." ती थोडी थांबली. "उठा आता तिथनं, भावजी. माझ्या माणसाची जागा मोकळी करा."

धार संपली होती, तरी हे म्हशीच्या अंगाला डोकं टेकून बसले होते. खांदे हलत होते. मी पुढं व्हायला गेले तर अक्कानं माझा हात धरला. आम्ही दोघी दारातच थांबलो. म्हशीनं त्या दिवशी लाथ मारली नाही.

मग हे उठले, चरवी माझ्या हातात दिली आणि अक्काला म्हणाले, "सकाळी या चावडीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे दगडापाशी जमलो. सुभेदार आबांनी रात्रीतनं नव्या दगडासाठी माणूस कऱ्हाडला धाडायचं ठरवलं होतं. मिस्त्री चष्मा लावून अक्षरं बघत होते. रोहिणी तेव्हा दहावीला होती. ती शाळेचं दप्तर पाठीला लावून आईशेजारी उभी होती. ती म्हणाली, "आबा, नवा दगड कशाला? गणूचं गेणू करायला एक मात्रा लागती."

आबा तिच्याकडं बघत राहिले. मग मिस्त्रींकडं वळले. मिस्त्री म्हणाले, "मला वाटलं, नाव काढायचंच आहे. मात्रा काय, घटकेत होईल."

"मी कोरतो," हे म्हणाले.

"दगड उडाला तर?" आबा म्हणाले.

"मिस्त्री हात धरत्याल."

मिस्त्रींनी खडूनं रेघ आखून दिली. ह्यांच्या एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी, आणि छिन्नीच्या हातावर मिस्त्रींचा हात. ठोका अगदी हलका. दगडाची पूड खाली पडायची आणि सिंधूअक्का ती पदराच्या टोकानं पुसायची. मात्रा पुरी झाल्यावर मिस्त्रींनी तिच्यात पांढरा रंग भरला. बाकीच्या अक्षरांपेक्षा ती जरा जाड झालीय. आजही बारकाईनं बघितलं तर कळतं.

रोहिणीनं मोठ्यानं वाचलं, "उत्तम गेणू निकम."

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. आबांनी टोपी नीट केली आणि दगडापुढं ताठ उभं राहून सलाम केला. हेही त्यांच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी सलाम केलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"चला," सिंधूअक्का म्हणाली, "चहा टाकते."

त्या दिवशी ह्यांनी श्रीलंकेतून आल्यापासून पहिल्यांदा तिच्या घराचा उंबरा ओलांडला. आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. रोहिणीनं शाळा बुडवली, आणि अक्का शाळेबाबत एवढी कडक, तरी काही बोलली नाही. चहा झाला. हे कपबशी फिरवत बसले. मग रोहिणीनंच विचारलं, "काका, बाबांना स्वयंपाक येत होता का?"

"न्हाई," हे म्हणाले. "पण त्याला वाटायचं, येतो."

आणि बोलायला लागले. गेणूच्या उत्तमनं एकदा खोबरेल तेलात पिठलं केलं. सगळ्या सेक्शननं ते नाक धरून खाल्लं, आणि नवे आलेले साहेब चुकून त्याच वेळी आले, त्यांनी मागून घेऊन खाल्लं. तेव्हापासून आठवड्यातनं एकदा सगळ्यांच्या नशिबी ते पिठलं. पावसात तंबू उडाला तर हा आत झोपलेलाच. पत्र आलं की नारळाच्या झाडाखाली जाऊन एकटा वाचायचा, आणि मग दोन दिवस कुणी काही मागितलं तरी द्यायचा. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. इतके शब्द ह्यांच्यात आहेत हे मला माहीत नव्हतं.

बोलता बोलता ते अडखळले. "अजून एक हाय. पण वहिनी, राग मानायचा न्हाई."

"सांगा की."

"चौकीवर एक कोंबडी हुती. कुठनं तरी आलेली. पोरं म्हणाली, कापूया. उत्तमनं कापू दिली न्हाई. पाळली. अंधार पडायला लागला की बाहेर येऊन तिला हाका मारायचा. अख्ख्या चौकीला ऐकू जायच्या."

"काय म्हणून हाका मारायचे?" रोहिणीनं विचारलं.

हे चुलीकडं बघायला लागले. "नाव ठेवलं हुतं तिचं. सिंधू."

मला वाटलं, आता संपलं. अक्काचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. रोहिणीनं तोंडावर हात ठेवला. हे घाईघाईनं म्हणाले, "चांगल्या मनानं हो वहिनी. म्हणायचा, घरचं नाव तोंडात राहतं."

अक्कानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग तिनं शांतपणे विचारलं, "अंडी तरी द्यायची का?"

"रोज," हे म्हणाले. "आजारी पडंल त्याला पयलं अंडं. मला तापात तिचंच दिलं हुतं."

त्यावर सिंधूअक्का हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग तोही सुटला. डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि ती हसत होती, आणि रोहिणी, जिनं आईला असं कधी पाहिलं नव्हतं, आईच्या गळ्यात पडून हसत होती. हेही हसले. घोगरा, अडकत येणारा आवाज होता तो. मी तेरा-चौदा वर्षं ज्या माणसाचं जेवण वाढत होते, त्याचा हसण्याचा आवाज मला त्या दिवशी त्या घरात कळला.